मोठे रुग्णालय शहरात असले म्हणजे बाळ सुखरूप?

मीरा-भाईंदर महापालिका २००२ साली झाली, पण तिच्या हद्दीत उत्तनचे कोळीवाडे आहेत आणि काशीमिरा-घोडबंदर पट्ट्यातले आदिवासी पाडेही. त्यामुळे खेड्यातल्या आरोग्यसेवेबद्दलचे गैरसमज इथेही तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : डॉक्टर गावात नाहीत, म्हणून बाळे दगावतात.
वस्तुस्थिती : गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत तिथल्याच बायकांना बाळाचे वजन करणे, ऊब देणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविक देणे शिकवले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापले. डॉक्टर हवेतच, पण धोका वेळीच ओळखणारे माणूस दाराशी हवे.

गैरसमज : बाळंतपण दवाखान्यात झाले, आता चिंता नाही.
वस्तुस्थिती : बाळाला सर्वाधिक धोका पहिल्या २८ दिवसांत असतो आणि त्यांतले बहुतेक दिवस घरीच जातात. म्हणून दवाखान्यातल्या बाळंतपणानंतरही आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायचे असते. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडले असेल किंवा श्वास मिनिटाला साठ वा त्याहून जास्त असेल, तर लगेच दवाखाना गाठावा.

गैरसमज : लस जितकी गार, तितकी चांगली.
वस्तुस्थिती : लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस-बीची लस गोठली तर निकामी होते. म्हणजे वीज, चालू शीतपेटी आणि तापमानाची रोजची नोंद हेही बालआरोग्याचेच काम.

गैरसमज : हे प्रश्न खेड्यांचे, शहराचे नाहीत.
वस्तुस्थिती : २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. ५० हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र, या निकषाने तेव्हाच सोळा केंद्रे लागत होती. पंडित भीमसेन जोशी रुग्णालय भाईंदर पश्चिमेला आहे. घोडबंदर पट्ट्यातल्या चेणे-वर्सोव्याहून तिथे जायचे तर रिक्षाभाडे पडते आणि दिवसाची मजुरीही बुडते. मुलाला जुलाब झाले तर ओआरएस आणि १४ दिवसांच्या झिंकच्या गोळ्या पुरेशा ठरू शकतात. त्या पाड्याजवळच मिळाल्या पाहिजेत.

म्हणून वॉर्डसभेत रुग्णालयाच्या नव्या इमारतीच्या आधी हे विचारावे: आमच्या केंद्रात बाळाचा वजनकाटा चालू आहे का, झिंक शिल्लक आहे का, आणि रात्री १०२ची रुग्णवाहिका किती वेळात येते?