घरकामाचे वेतन : रोख हाती की बँकेच्या खात्यात?

घरकामासाठी येणाऱ्या भगिनीचे मासिक वेतन तिच्या हाती रोख द्यावे की तिच्या बँक खात्यात जमा करावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांपुढे वारंवार उभा राहू लागला आहे. नोकरी करणाऱ्या तरुण दांपत्यांना मोबाईलवरून पैसे पाठवणे सोयीचे वाटते. धुणी-भांडी वा पोळ्या करण्यास येणाऱ्या मावशींना मात्र बहुधा नोटाच हव्या असतात. कुणी सांगतो की रोख देणे आता बेकायदेशीर आहे. कुणी सांगतो की बँकेत भरले तर तिच्यामागे प्राप्तिकर लागेल. गैरसमज दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या आड मूळ प्रश्न झाकला जातो : हे पैसे तिला वेळेवर, पूर्ण आणि तिच्याच स्वाधीन मिळतात काय?

प्रथम कायद्याचे पाहू. आपल्या घरखर्चातून घरकामगाराला रोख वेतन देण्यास कोणतीही मनाई नाही. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात तर कामगाराचे वेतन चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्यावे, असे बंधन होते. मालकाने पगाराऐवजी वस्तू गळ्यात मारू नयेत, हा त्यामागील एक हेतू. कोकणात एके काळी शेतमजुरी भाताच्या मापाने चुकवली जाई आणि मापात खोट कोणाच्या पदरी पडे हे आपल्या आजोबा-आजींना ठाऊक होते. त्या काळी रोख पैसा हे मजुराचे संरक्षण होते. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कामगाराच्या लेखी संमतीने धनादेशाची व बँकेची मुभा आली आणि २०१७ मध्ये संमतीची अटही गेली. या अधिनियमाची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून तिच्यातही रोखीचा मार्ग खुला आहे. अर्थात हे सारे कायदे कारखाने व आस्थापनांचा विचार करून रचलेले. चार घरी तासभर काम करणारी बाई त्यांच्या चौकटीत कधी नीट बसलीच नाही.

तिचा स्वतंत्र विचार करणारा दस्तऐवज म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार. तो जून २०११ मध्ये जिनीव्हा येथे संमत झाला. त्याच्या बाराव्या कलमात म्हटले आहे की घरकामगाराचे वेतन थेट तिच्याच हाती, रोख स्वरूपात, ठरलेल्या मुदतीने आणि महिन्यातून निदान एकदा दिले जावे. देशाच्या कायद्यात वा सामूहिक करारात वेगळी तरतूद नसेल तर बँक, धनादेश वा मनिऑर्डर यांचा अवलंब तिच्या संमतीने करता येईल. भारताने या करारास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही, तेव्हा तो आपल्यावर कायद्याने बंधनकारक नाही. तरीही त्यातील दोन शब्द आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतात : ‘थेट’ आणि ‘संमतीने’. आपली सोय हा त्यात निकष नाही.

प्राप्तिकराच्या भीतीविषयी एवढेच सांगता येईल की कर उत्पन्नावर असतो, ते ज्या वाटेने आले त्या वाटेवर नव्हे. नव्या करपद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून पगारासारख्या नेहमीच्या उत्पन्नावर बारा लाख रुपयांपर्यंत कर भरावा लागत नाही. चार घरची धुणी-भांडी करून कोणी तेथवर पोहोचल्याचे ऐकिवात नाही.

मग रोखीचा आग्रह का? तो अडाणीपणातून येतो, असे समजणाऱ्यांनी एकदा त्या घराचा महिन्याचा हिशेब ऐकावा. पहिल्या आठवड्यात खोलीचे भाडे, वाण्याची उधारी, भिशीचा हप्ता, मुलाच्या शिकवणीचे पैसे. हे सर्व बहुधा रोखीने आणि हातोहात चुकते करायचे असते. बँकेत जाऊन रांगेत उभे राहायचे तर दोन घरांचा खाडा होतो, आणि खाड्याचे पैसे काही घरी कापले जातात. मूलभूत बचत खात्यातून महिन्याला निदान चार वेळा विनाशुल्क पैसे काढता येतात. चार घरचे पगार चार तारखांना जमा झाले तर ती मर्यादा कशी सरते हे तिला कळतही नाही. अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेले ‘छोटे खाते’ असेल तर महिन्याला दहा हजारांहून अधिक काढता येत नाही आणि वर्षभरात एक लाखाहून अधिक जमा करता येत नाही. कर्जाचा हप्ता थकलेला असला तर पगार जमा होताच बँक तो आधी वळता करून घेते. घरात त्या दिवशी गॅस संपला आहे, हे बँकेला माहीत नसते.

याहून नाजूक कारण वेगळे आहे. खाते तिच्या नावाचे असते, पण एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात आणि मोबाईल मुलाच्या हाती असतो. ‘माझ्या मुलाच्या नंबरवर टाका’ असे ती म्हणते तेव्हा आपण निश्चिंत होऊन बटण दाबतो. तिने घाम गाळून कमावलेले पैसे कोणाकडे गेले, याची आपल्याला चौकशी करावीशी वाटत नाही. रोख रक्कम नवराही हिसकावू शकतो, हे खरे. परंतु दोनशे-पाचशे रुपये डब्यात दडवून ठेवण्याची संधी तरी रोखीत असते. पुष्कळ घरांतील मुलींची शिक्षणे अशा डब्यांवर झाली आहेत. म्हणून तिला एकटीला, इतरांसमोर नव्हे, एकदा विचारावे : तुमच्या खात्याचे कार्ड कोणाकडे असते? या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून बँकेचा आग्रह धरू नये.

आता दुसरी बाजू. रोखीचा सर्वांत मोठा दोष असा की ती मागे काही खूण ठेवत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली तेव्हा हे ध्यानात आले. मोठ्या गृहसंकुलांची दारे घरकामगारांना बंद झाली. कित्येक कुटुंबांनी पगार थांबवला. त्यांत निष्ठुर थोडेच होते. ‘ती येऊ शकत नाही, तर द्यायचे कसे?’ एवढ्यावरच बहुतेकांचा विचार थांबला. ज्यांच्याकडे तिचा खाते क्रमांक होता त्यांना ही सबब उरली नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आले तेव्हा राज्य शासनाने नोंदणीकृत घरेलू कामगारांना पंधराशे रुपयांचे साहाय्य जाहीर केले. शब्द ‘नोंदणीकृत’ होता. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, अठरा ते साठ वर्षे वयाच्या घरकामगारांना त्याखाली नोंदणी करता येते. परंतु आपण कोठे काम करतो हे दाखवण्यास मालकाचे प्रमाणपत्र लागते. वर्षानुवर्षे राबूनही आपण कामगार आहोत याचा कागद अनेकींजवळ नव्हता.

त्याआधीचा एक प्रसंगही विसरण्याजोगा नाही. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारांच्या नोटा चलनातून बाद झाल्या. त्यानंतरच्या दिवसांत काही घरांतून मोलकरणींना दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचा पगार आगाऊ आणि त्याच जुन्या नोटांत देण्यात आला. वरकरणी हे औदार्य. प्रत्यक्षात आपली बँकेची रांग तिच्या माथी मारण्याचा तो प्रकार होता, आणि रांगेत गेलेल्या दिवसांचा खाडा धरणारेही त्यात होते.

बँक खात्याचे लाभ खरे आहेत. ऑगस्ट २०१४ पासून जनधन योजनेखाली शिल्लक न ठेवता खाते उघडता येते. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि चारशे छत्तीस रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा या केंद्र शासनाच्या योजनांचे हप्ते खात्यातूनच वळते होतात. चाळीस वर्षांच्या आतील भगिनीला अटल निवृत्तिवेतन योजनेत सहभागी होता येते. पण दोन वर्षे ग्राहकाने काही व्यवहारच केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. दरमहा जमा होणारा थोडासा पगार खात्याला जागे ठेवतो. भाड्याचा करार करताना, मुलाचे शैक्षणिक कर्ज मागताना, किंवा ‘तुम्ही जूनचे पैसे दिलेच नाहीत’ असा वाद उद्भवताना पासबुकातील एक ओळ दहा साक्षीदारांचे काम करते. हा वाद तिच्या बाजूने जितका उद्भवतो तितकाच आपल्याही.

घरातच राहून काम करणाऱ्या मुलींच्या बाबतीत मात्र आमचे मत अगदी स्पष्ट आहे. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा येथून मुंबईत आलेल्या अशा मुलींत आपल्या ख्रिस्तसभेच्या लेकी पुष्कळ आहेत. रविवारच्या हिंदी मिस्सेला त्या मागच्या बाकांवर दिसतात. त्यांचा पगार कधी दलाल घेतो, कधी ‘तुला येथे खर्चच काय आहे, आम्ही जमा ठेवतो, गावी जाताना एकदम घेऊन जा’ असे सांगून मालकीण स्वतःजवळ ठेवते. हेतू चांगला असेलही. परंतु गावी जाण्याचा दिवस उजाडतो तेव्हा त्या रकमेतून फुटलेल्या काचेच्या भांड्याचे, औषधाचे आणि चपलांचे पैसे वजा झालेले असतात, आणि हिशेब मांडणारी व्यक्ती एकच असते. अशा मुलीचे खाते तिच्या नावाने उघडून द्यावे, पगार दरमहा त्यातच भरावा आणि आधारकार्ड, पासबुक व एटीएम कार्ड तिच्याच पेटीत असावे. सिस्टर जीन डिव्हॉस यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय घरकामगार चळवळ अशाच मुलींमध्ये काम करीत वाढली.

पवित्र शास्त्र या विषयावर किती तपशिलात शिरते, हे पाहून नवल वाटते. लेवीय व अनुवाद या ग्रंथांतील नियम मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू देत नाहीत. सूर्य मावळण्यापूर्वी ती देण्यास सांगतात, कारण गरिबाचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. वृद्ध तोबीत आपल्या पुत्राला जे शेवटचे उपदेश करतो त्यांतही कामकऱ्याचा पगार त्याच दिवशी चुकता करण्याचा उपदेश आहे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवापाशी आक्रोश करते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आपण शेवटच्या तासाला आलेल्यांविषयीच्या औदार्याची चर्चा करतो. पण त्यापूर्वी मालक संध्याकाळ होताच कारभाऱ्याला मजुरी वाटण्यास सांगतो, हा साधा तपशील आपल्या नजरेतून निसटतो. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा विषय मांडला आणि ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानुसार वेतन नाकारणे वा अडवून ठेवणे हा गंभीर अन्याय ठरू शकतो. पगार ‘दोन दिवसांनी देते, सुटे नाहीत’ असे आपण दाराशी सहज बोलून जातो, ते या प्रकाशात तपासून पाहावे.

व्यवहारात काय करावे? पैसे कसे हवेत हे कामावर ठेवतानाच विचारावे आणि ती सांगेल तसे द्यावे. पुढे मन बदलण्याची मोकळीकही तिला असावी. रोख द्यायचे ठरले तर एक साधी चाळीस पानी वही ठेवावी. महिना, दिल्याची तारीख, रक्कम, घेतलेली उचल, उचलीतून फेडलेले, उरलेले आणि सही वा अंगठा, एवढे रकाने पुरेत. मात्र अशा दोन वह्या असाव्यात, एक आपल्याकडे व एक तिच्याकडे, कारण एकाच बाजूला असलेली वही हा पुरावा नसून अधिकार ठरतो. तिला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या तिच्या मुलीला ती वही दाखवू द्यावी. पैसे मोजून, उघड्या हाती द्यावेत. घडी करून मुठीत कोंबू नयेत. बँकेत भरायचे तर पहिल्याच महिन्यात एक रुपया पाठवून खाते तिचेच आहे याची खात्री करावी आणि पैसे भरल्यावर तिला तोंडी सांगावे. धनादेश शक्यतो देऊ नये. तो खात्यात भरण्यासाठी पुन्हा बँकेची फेरी आणि पुन्हा खाडा.

आमच्या परिचयातील एका घरी पोळ्या करणाऱ्या मावशींनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. त्यांना दरमहा पाच हजार मिळतात. त्यांनी सांगितले, चार हजार हातात द्या, एक हजार खात्यात टाका. आणि घरी कोणी विचारले तर पगार चार हजारच आहे असे सांगा. हे शेवटचे वाक्य ऐकून घरातील आजींना पेच पडला, खोटे कसे बोलावे? मावशी हसून म्हणाल्या, ‘आजी, तुम्ही नुसतं सांगा, मला ठाऊक नाही, पैसे सूनबाई देते.’ पगार खरोखरच सूनबाई देत असल्यामुळे आजींची अडचण तेवढ्यावर मिटली, आणि दर पाच तारखेला त्या खात्यात एक हजार रुपये जमा होत आहेत.