'आजोबा, उंच काही नव्हतंच!'

लहानपणी गावच्या खंडोबाच्या जत्रेला निघताना आई दोनच गोष्टी बजावायची. एक, गोडीशेव खाऊन हात सदऱ्याला पुसायचे नाहीत. दुसरी, चुकामूक झाली तर रडत हिंडायचे नाही. सरळ दीपमाळेखाली जाऊन उभे राहायचे. ही दीपमाळ जत्रेत कुठूनही दिसायची. पाळण्यांच्या पलीकडून, भांड्यांच्या दुकानांच्या बोळातून, अगदी बैलबाजारातूनसुद्धा. संध्याकाळी ती उजळली की मग विचारायलाच नको. त्या जत्रेचा नकाशा कुणा वास्तुविशारदाने काढलेला नव्हता. तरी मी दोनदा हरवलो आणि दोन्ही वेळा दहा मिनिटांत सापडलो.

आमचा सहा वर्षांचा नातू ईशान दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका भल्यामोठ्या 'थीम पार्क'मध्ये हरवला, तो पंचवीस मिनिटांनी सापडला. त्या उद्यानाचा नकाशा काढायला मात्र नामवंत तज्ज्ञ बसले असणार.

उद्यानाचे नाव सांगत नाही. मुलीकडे गेलो होतो, जून महिना होता आणि ऊन आपल्या वैशाखाला लाजवेल असे होते. सौ.चा गुडघा दुखरा. 'बसायला मिळेल ना गं?' एवढेच तिने मुलीला विचारले होते. आत गेल्यावर कळले की तिथे बसायचे तर काहीतरी विकत घेऊन उपाहारगृहात बसायचे. रस्त्याच्या कडेला बाक जवळजवळ नाहीतच, आणि जे आहेत ते भर उन्हात. झाडे लावलेली होती, पण त्यांची सावली त्यांच्याच बुंध्याला पुरत नव्हती.

मुलगी, जावई आणि ईशान एका 'राइड'च्या रांगेत शिरले. आम्ही दोघे दाराशी थांबलो. माणूस ज्या दाराने आत जातो त्याच दाराने बाहेर येतो, एवढा साधा हिशोब. पण तिथे बाहेरचा रस्ता पार पलीकडच्या अंगाला, तोही खेळण्यांच्या दुकानातून. दुकानाला दोन दारे. ईशान एका खेळण्यापाशी रेंगाळला. हे दोघे समजले की तो पुढे आमच्याकडे पळाला. हे एका दाराने बाहेर पडले, तो दुसऱ्या. आम्ही दोघे तिसरीकडेच!

त्या पंचवीस मिनिटांचे वर्णन करत नाही. ज्यांचे मूल कधी गर्दीत हरवले आहे त्यांना ते सांगायला नको, आणि ज्यांचे हरवलेले नाही त्यांना ते कळू नये हीच इच्छा. सौ. गुडघा विसरून त्या गर्दीत धावत होती, इतकेच सांगतो. शेवटी गणवेशातल्या एका तरुणीचा हात धरून ईशान आला. डोळे लाल, पण रडणे आवरलेले. मी त्याला जवळ घेऊन म्हटले, 'अरे, तुला सांगितलं होतं ना, हरवलास तर उंच काहीतरी बघायचं आणि तिथे जाऊन थांबायचं?'

तो हुंदका गिळत म्हणाला, 'आजोबा, उंच काही नव्हतंच!'

मी मान वर करून पाहिले. पोरगा खरे सांगत होता. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानांच्या पाट्या आणि कापडी छपरे. ज्यावर नजर ठरेल असे एकही टोक तिथून दिसत नव्हते.

मी सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे नकाशे काढले. त्यामुळे नातवाचे ते वाक्य मला एखाद्या शेऱ्यासारखे लागले. परत आल्यावर या उद्यानांबद्दल मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की ज्याने हा सारा प्रकार सुरू केला, त्या वॉल्ट डिस्नेला आमच्या खंडोबाच्या दीपमाळेचे मर्म पुरते ठाऊक होते!

या उद्यानाची कल्पना आपल्याला एका बाकावर बसल्या बसल्या सुचली, असे डिस्ने सांगत असे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या दोन्ही मुली चक्रावर बसून गोल फिरायच्या आणि हा बाप बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट बघत राहायचा. पोरांबरोबर आईबापांनाही रमता येईल अशी जागा का असू नये, हा विचार त्यातून आला. म्हणजे मूळ कल्पना वाट बघणाऱ्याची! आणि आज कित्येक उद्यानांत त्याच वाट बघणाऱ्याला टेकायला जागा नसते.

लॉस एंजेलिसजवळ ॲनाहाइम इथे १६० एकरांच्या संत्राबागा घेऊन डिस्नेने एका वर्षात उद्यान उभे केले. आत शिरायला वाट एकच. तिथून सरळ एक रस्ता आणि रस्त्याच्या टोकाशी किल्ला. किल्ल्यापुढे गोल चौक आणि चौकातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निरनिराळ्या दिशांना वाटा. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध, बाहेरचे जग दिसू नये म्हणून. किल्ला प्रत्यक्षात अवघा ७७ फूट उंच; पण वर वर जाताना त्याचे दगड लहान केलेले, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. नजर खेचून पाय पुढे न्यायला लावणाऱ्या अशा उंच वस्तूला डिस्ने 'वीनी' म्हणायचा. कुत्र्याला हवे तिकडे न्यायचे तर त्याच्यापुढे सॉसेज धरावे लागते, त्यावरून आलेला हा शब्द. नाव गमतीचे, पण काम दीपमाळेचे!

म्हणून तिथे सगळे पहिल्या दिवसापासून सुरळीत झाले म्हणाल, तर छे! १७ जुलै १९५५, वार रविवार. उद्घाटनाचा सोहळा दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवला जात होता. निमंत्रितांच्या जोडीला बनावट तिकिटे घेऊन हजारो माणसे घुसली. ऊन असे की नुकत्याच ओतलेल्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतू लागल्या. त्यात नळकामगारांचा संप होऊन गेलेला. वेळेत एक तर शौचालये चालू होतील नाहीतर पिण्याच्या पाण्याचे नळ, अशी पाळी आली. डिस्नेने शौचालये निवडली. निर्णय शहाणपणाचा होता, पण कोरडे नळ बघून लोक म्हणाले, थंड पेये खपवायला केलेली ही युक्ती! त्या दिवसाला पुढे कंपनीतली माणसेच 'काळा रविवार' म्हणू लागली. मात्र चुका भराभर दुरुस्त झाल्या.

एक चूक मात्र दुरुस्त होण्यासारखी नव्हती. भोवतालची जमीन घेतलेली नव्हती. बघता बघता मोटेलांनी आणि पाट्यांनी उद्यानाला वेढून टाकले. त्याचा धडा घेऊन फ्लोरिडात सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली गेली. तिथले 'मॅजिक किंगडम' उघडले ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी, डिस्नेच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. किल्ला १८९ फुटी! पण जागा मुबलक झाली की अंतरेही मुबलक होतात. मोटार जिथे ठेवायची ते मैदान आणि उद्यानाचे दार यांच्यामध्ये एक आख्खे तळे. ते बोटीने ओलांडा नाहीतर मोनोरेलने वळसा घाला. आपल्याकडे १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा लाँचने खाडी ओलांडून जाण्यात पोरांना कोण आनंद व्हायचा. जाताना बोट म्हणजे मौजच. रात्री झोपलेले पोर खांद्यावर घेऊन त्याच बोटीसाठी रांगेत उभे राहताना मात्र ती मौज जरा कमी होते!

त्याच फ्लोरिडात १९८२ साली 'एपकॉट' झाले. एका तळ्याभोवती निरनिराळ्या देशांची दालने. कल्पना सुरेख, पण तळ्याची प्रदक्षिणा सुमारे दोन किलोमीटरची. लवकरच लोकांनी त्या नावाच्या आद्याक्षरांची नवी फोड केली: 'प्रत्येक माणूस दमूनच बाहेर येतो'!

सगळ्यात बोलका नमुना २००१ सालचा. ॲनाहाइमच्या मूळ उद्यानासमोर मोटारी ठेवायचे जे मैदान होते, त्यावर 'कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर' उभे राहिले. कॅलिफोर्नियात येऊन कॅलिफोर्नियाचीच नक्कल बघायची! उपाहारगृहे आणि दुकाने भरपूर, लहान मुलांसाठी खेळ मोजकेच. आणि प्रवेशाच्या चौकात किल्ल्याच्या जागी धातूचा एक भव्य सूर्य. गंमत अशी, की त्या सूर्याचे तोंड उत्तरेला! त्यावर ऊन पडेना, म्हणून दिवसभर त्याच्यावर उन्हाची तिरीप पाडायला फिरते आरसे बसवावे लागले. सूर्याला उजेड उसना द्यायचा! कागदावर तो सूर्य झकास दिसला असेल. कागदाला दिशा नसतात. लोकांनी त्या उद्यानाकडे पाठ फिरवली. २००७ साली कंपनीने दुरुस्ती जाहीर केली, ती पुरी व्हायला २०१२ साल उजाडले आणि खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला. त्या दुरुस्तीत सूर्य गेला. त्याच्या जागी एक सरळ रस्ता आणि टोकाला मनोरा असलेली एक इमारत आली. म्हणजे फिरून दीपमाळच!

चूक नेहमी दगडविटांचीच असते असे नाही. हाँगकाँगचे डिस्नेलँड सप्टेंबर २००५ मध्ये उघडले. तिथली तिकिटे ठरावीक तारखेची नव्हती, मुदतीत केव्हाही या! फेब्रुवारी २००६ मध्ये चिनी नववर्षाच्या सुटीत मुख्य चीनमधून इतकी माणसे आली की फाटके बंद करावी लागली. हातात तिकीट असलेली कुटुंबे बाहेर ताटकळली. काहींनी संतापाने कुंपणावरून पोरे आत पोचवली. हाँगकाँगची सुटी संपली तरी चीनमधली चालूच होती, हे पंचांग कुणी नीट पाहिले नव्हते.

रांगांचेही तसेच. १९९९ साली डिस्नेने 'फास्टपास' काढला. आधी चिठ्ठी घ्या, दिलेल्या वेळेला या, मधल्या वेळात मजेत फिरा. पण फिरायचे कुठे? इतके दिवस रांगेच्या नागमोडी कठड्यांत मुकाट उभी असलेली माणसे एकदम रस्त्यांवर आली. रस्त्यांची रुंदी मात्र जुन्याच हिशोबाची.

हे असे का होते, याचे उत्तर मला अमेरिकेत शोधावे लागले नाही. नोकरीच्या उमेदीच्या काळात एका तालुक्याच्या गावी बसस्थानकाचा आराखडा मी केला होता. साहेबांनी पाठ थोपटली. उद्घाटनानंतर महिनाभराने पाहणीला गेलो, तर डोक्यावर गाठोडे घेतलेल्या एका म्हातारीने मला विचारले, 'लेकरा, पाण्याचा नळ तिकडं पल्याड कुनी बसवला रं?' नळ आणि बाके यांच्यामध्ये गाड्यांची वाट होती. प्रत्येक वेळी बस चुकवत पाण्याला जायचे. नकाशात ते अंतर दीड इंच होते. नळाची वाहिनी त्या बाजूने येत होती, तीस फूट पाइप वाचला होता, आणि मला त्याचा अभिमान होता! 'मी बसवला' असे त्या म्हातारीला सांगायचे धैर्य मला झाले नाही.

नकाशा नेहमी वरून बघितला जातो, घारीच्या डोळ्यांनी. माणूस मात्र साडेपाच फुटांवरून बघतो आणि सहा वर्षांचे पोर साडेतीन फुटांवरून. वरून बघताना रस्त्याचे वळण डौलदार दिसते. खालून त्याच वळणामागे आई नाहीशी होते. कागदावर झाडाचे हिरवे वर्तुळ काढले की सावली पडते. जमिनीवर तिला पंधरा वर्षे लागतात. दुकानातून बाहेरचा रस्ता काढला की हिशोबाच्या वहीत जमा वाढते; हरवलेल्या पोराचे रडणे कुठल्याच वहीत मांडले जात नाही. बाक काही कमावत नाही. म्हणून कुठेतरी पैसे वाचवायचे झाले की आधी बाक जातो, मग सावली, मग पाणी.

आपल्याकडेही आता अशी उद्याने होत आहेत, आणि सुटीत आपण पोरांना घेऊन जाणारच. जाऊ नका असे मी म्हणत नाही. पण आत शिरल्यावर पहिल्या खेळाकडे धावण्याआधी दोन मिनिटे थांबा. कुठूनही दिसेल अशी एक जागा मुलांना दाखवा. प्रत्येक खेळाची बाहेर यायची वाट कुठे निघते ते रांगेत शिरण्यापूर्वीच विचारा आणि वाट बघणाऱ्यांना तिथेच उभे करा. आणि बाक, पाणी, सावली नसेल तर परतताना तसे लिहून द्या. हसू येईल, पण लिहा. आमच्या त्या बसस्थानकातला नळ पुढे हलवला गेला, तो माझ्या नकाशामुळे नव्हे. गावच्या बायकांनी अर्ज दिला म्हणून.

गेल्या नाताळच्या सुटीत मुलगी ईशानला घेऊन आली होती. आम्ही त्याला गावी नेले. जत्रा अजून लांब होती. देवळापुढचे मैदान मोकळे, दोन शेळ्या आणि क्रिकेट खेळणारी चार पोरे. हरवायचे म्हटले तरी हरवता येणार नाही अशी जागा. मी काही बोललो नाही. ईशान मैदानाच्या मधोमध उभा राहिला, त्याने एकवार चौफेर पाहिले आणि दीपमाळेकडे बोट करून विचारले, 'आजोबा, इथे ते आहे ना?'

'आहे बाबा,' मी म्हटले.

मग तो पोरांकडे बॅट मागायला पळाला.