दिवा निळा, तर पाणी थांबवा!



‘अति तेथे माती’ ही म्हण आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण उसाच्या पाण्याची गोष्ट निघाली की ती आपण सोयीस्करपणे विसरतो. पाणी जास्त तितके टनेज जास्त, हा समज डोक्यात घट्ट बसला आहे. त्याची किंमत सांगली-कोल्हापूरकडच्या कृष्णाकाठाने मोजली. पाणी मुरत राहिले, निचरा झाला नाही, क्षार वर आले आणि सोन्यासारखी रानं क्षारपड झाली.

कुणी म्हणेल, आम्हाला काय पाणी वाया घालवायची हौस आहे? खरे आहे. वरची ढेकळं वाळलेली दिसली की जीव राहत नाही. खाली फूटभरावर ओल आहे की नाही, हे कुणाला दिसते? त्यात पंपाला ऑटो स्विच. वीज आली की पंप सुरू, मग रानाला गरज असो वा नसो. यंत्र माणसाला सवय लावते, ती अशी.

मग चांगली सवय लावणारे यंत्र करता येणार नाही का? ऑस्ट्रेलियातील ‘सी.एस.आय.आर.ओ.’ या सरकारी संशोधन संस्थेतील मृदाशास्त्रज्ञ रिचर्ड स्टिरझाकर यांनी ते केले आहे. नाव ‘कॅमेलिअन’, म्हणजे रंग बदलणारा सरडा. जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर छोटे सेन्सर पुरायचे, तारा वर काढायच्या आणि त्यांना हातातले यंत्र जोडायचे. प्रत्येक खोलीसाठी एक दिवा लागतो. निळा म्हणजे रान ओलेगच्च. हिरवा म्हणजे मुळीला पाणी सहज मिळते आहे, आपल्या भाषेत वाफसा. लाल म्हणजे मुळीला पाणी ओढायला कष्ट पडतात. ही माहिती इंटरनेटवरही साठवता येते. मग हंगामभर कोणत्या खोलीवर किती ओल होती, याचा रंगीत पट समोर येतो.

यातली खुबी लक्षात घ्या. ओल मोजणारी यंत्रे पूर्वीही होती, पण ती आकडे दाखवायची. आकड्याचा अर्थ लावायला पुन्हा साहेब लागायचा. इथे आकडा नाही आणि हुकूमही नाही. यंत्र फक्त दाखवते, पाणी द्यायचे की नाही ते शेतकरीच ठरवतो.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात मोझांबिक, टांझानिया आणि झिंबाब्वे या देशांतील लहान सिंचन योजनांवर ही यंत्रे देण्यात आली. तिथे मका, भाजीपाला करणारे साधे शेतकरी. पीक तहानलेले आहे असे समजून ते पाणी देत होते आणि दिवा मात्र निळा! हळूहळू त्यांनी दोन पाण्यांतले अंतर वाढवले. नवल म्हणजे उत्पन्न घटले नाही, उलट वाढले. कारण सरळ आहे. जादा पाण्याबरोबर नत्र मुळीच्या खाली वाहून जात होते, ते आता मुळीपाशी राहिले. आपण टाकलेल्या युरियाचेही असेच होते, हे ध्यानात ठेवा. शिवाय दारे धरण्याचा वेळ वाचला. टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचू लागले आणि भांडणे कमी झाली.

पण नुसत्या दिव्याने हे घडले नाही. त्या प्रकल्पात शेतकरी, अधिकारी, व्यापारी यांना एकत्र बसवून अडचणी सोडवल्या गेल्या. आपल्याकडे हाच मुद्दा मोठा आहे. पाटाची पाळी कधी येईल याचा भरवसा नसला, तर दिवा निळा असूनही माणूस पाणी घेणारच. “आज सोडलं तर पुन्हा कधी मिळंल?” ही भीती कोणतेही यंत्र घालवू शकत नाही. ती चारीवरच्या लोकांनी एकत्र बसूनच घालवावी लागेल.

मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक सोयीला, मग ती पाण्याची असो, ऊस नोंदीची असो की वजनाची, आपण सभासदांनी तीन प्रश्न विचारावेत. माहिती वेळेवर मिळते का? आपल्या भाषेत, न शिकवता कळते का? आणि निर्णय आपल्या हाती राहतो का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच ती सोय, नाहीतर खिशातले ओझे.

तोवर यंत्राची वाट पाहत बसू नका. पुढचे पाणी देण्याआधी कुदळीने फूटभर खणा आणि मूठभर माती दाबून पाहा. ओलसर गोळा झाला, तर दारे धरायची घाई करू नका. जमीन आपली आहे आणि ती पुढच्या पिढीलाही कसायची आहे.