खेळाडूची हजेरी

आमच्या जोगेश्वरीत संध्याकाळी कबड्डीचा सराव रंगला, की चढाई करणाऱ्याचा दम मैदानाबाहेरही ऐकू येतो. त्याच गड्याचे नाव सकाळी वर्गात पुकारले, तर मात्र 'हजर' ऐकू येत नाही! मीही त्यांपैकीच एक.

नियम ७५ टक्के हजेरीचा. स्पर्धेचे पत्र दाखवले, की गैरहजेरीला सवलत मिळू शकते. परंतु बुडालेला तास काही परत मिळत नाही. कला शाखेत प्रयोगशाळा नाही, गाईड वाचून भागते, अशा समजुतीने बरेच खेळाडू इकडे वळतात. पण कविता गाईडमधून पाठ होते, कळत नाही. ती कळते वर्गातल्या चर्चेत.

आमच्या मराठीच्या सरांनी मला सवलत दिली नाही, वेळ दिला. सरावाआधी अर्धा तास बसवून बुडालेले पाठ शिकवले, वर दर आठवड्याला एक निबंध! तेव्हा तो जाच वाटला.

मग खाशाबा जाधवांची हकिकत वाचली. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील ते पहिले वैयक्तिक पदक.

प्रत्येक प्राध्यापकाने घर गहाण ठेवावे, असे कोण म्हणेल? अर्धा तास मात्र देता येतो. आणि तो मिळाला, तर आम्ही खेळाडूंनी तेथे तरी गैरहजर राहू नये.