घरपट्टीचा कागद पेटीत नको, डोळ्यांखाली हवा

मार्च महिना उजाडला की आमच्या मैंदर्गीसारख्या लहान शहरांतून रिक्षावर भोंगा लावून पुकारा सुरू होतो. "थकबाकीदारांनी घरपट्टी, पाणीपट्टी त्वरित भरावी, अन्यथा नळ तोडण्यात येईल." अक्कलकोट तालुक्याच्या या टोकाला, कर्नाटकाच्या शिवेवर, कोणी तिला घरपट्टी म्हणतो, कोणी कानडीत तेरिगे म्हणतो, पण धास्ती दोन्ही भाषांत सारखीच. भोंगा गेला की वस्तीतल्या बायका पेट्या उघडतात आणि जुने कागद घेऊन आमच्याकडे येतात. कारकुनी करणाऱ्या माणसाला सगळे कायदे पाठ असतात, असा त्यांचा भाबडा समज. या कागदांतून आम्ही जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका आक्काची गोष्ट

आमच्या नात्यातल्या एक आक्का दुसऱ्या एका लहान शहरात राहतात. आयुष्यभर मोलमजुरी केली, दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे टाकले. काही वर्षे त्यांना बिलच आले नाही. मग एके दिवशी एकदम चार वर्षांची मागणी आली आणि त्यावर शास्ती. आक्का कागद घेऊन आमच्याकडे आल्या. "दादा, ह्यो कागुद काय म्हनतोय बघा की. घर इकून भरायचं का आता?"

आम्ही कागद वाचला. बिल त्यांच्या यजमानांच्या नावे होते. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. बांधकामाच्या रकान्यात स्लॅब लिहिले होते, वर मात्र पत्रे. शिवाय चारपैकी एका वर्षाची पावती आक्कांच्या पेटीत लुगड्याच्या घडीत निघाली. ती रक्कम खात्यावर चढलीच नव्हती.

आक्कांना रमाई आवास योजनेत अर्ज करायचा होता. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच्या या योजनेत घराचा उतारा आणि कराची पावती लागते. उताऱ्यावर मयताचे नाव आणि खाली थकबाकी. म्हणजे एका चुकीच्या कागदामुळे पक्के घर अडले होते.

पट्टी ठरते कशी?

आपली नगरपरिषद चालते ती महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 या कायद्याने. त्यापूर्वी 1901 चा जिल्हा नगरपालिका कायदा आणि 1925 चा बरो कायदा होता. कायदे बदलले, पण घरपट्टीचे मूळ सूत्र पुष्कळसे तेच राहिले: हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल? आपण स्वतः राहत असलो तरी भाडे धरलेच जाते.

उदाहरण घेऊ. समजा, घराचे भाडे महिना 500 रुपये धरले. वर्षाचे झाले 6000. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा जातात, उरले 5400. याला करयोग्य मूल्य म्हणतात. कराचा दर समजा 20 टक्के असेल, तर पट्टी 1080 रुपये. आता पत्र्याच्या घराला स्लॅबचे भाडे धरले तर काय होईल, ते सांगायला नको. शिवाय बिलावर शिक्षण कर, वृक्ष कर, पाणीपट्टी असे इतर रकाने असतात. घरात दुकान असेल तर रोजगार हमी उपकरही येतो.

ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करतात. माणसे येतात, घर मोजतात, यादी तयार होते. यादी पक्की होण्याआधी ती लोकांना पाहायला ठेवावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. पट्टी वाढवली असेल किंवा घर प्रथमच यादीत घेतले असेल, तर मालकाला वेगळी नोटीस द्यावी लागते. खरी लढाई इथे असते. पण मोजायला माणूस येतो तेव्हा आपण कामावर असतो. नोटीस येते तेव्हा तिच्यावर मुले गणिते सोडवतात. मुदत संपली की यादी पक्की होते आणि पुढची चार वर्षे आपण कपाळाला हात लावून बसतो.

थकली की काय होते?

आधी बिल येते. बिल देऊन 15 दिवसांत पैसे भरले नाहीत तर मागणीची नोटीस येते. तिलाही दाद दिली नाही तर जप्तीचा अधिकार आहे. बिलाविरुद्ध अपील करता येते. पण त्याला मुदत थोडी असते आणि मागितलेली रक्कम आधी भरावी लागते. त्याशिवाय थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. वरवर पाहता दोन टक्के म्हणजे किरकोळ. पण 1000 रुपये तीन वर्षे थकले तर 36 महिन्यांची शास्ती होते 720 रुपये. सावकाराला आपण नावे ठेवतो, पण हा दर वर्षाला 24 टक्के पडतो हे ध्यानात घ्यावे.

या शास्तीने गरीब माणूस मुद्दलही भरेनासा होतो, हे सरकारच्याही लक्षात आले. 2025 साली राज्य सरकारने नगरपरिषदांची शास्ती अंशतः किंवा पूर्ण माफ करता यावी म्हणून अभय योजनेची वाट मोकळी केली. अशी सवलत आपोआप खात्यावर पडत नाही. योजना चालू आहे का, मुद्दल किती व केव्हा भरायचे, हे करविभागात जाऊन विचारावे लागते.

ज्यांचे घर ग्रामपंचायत हद्दीत आहे त्यांचा कायदा वेगळा, 1958 चा. तिथे 2015 च्या अखेरीपासून घराच्या भांडवली मूल्यावर पट्टी बसते. उतारा नमुना 8 चा. नगरपरिषदेचे नियम तिथे लावू नयेत.

पालिकेची बाजू

एकच बाजू सांगणे बरे नव्हे. 1999 साली नगरपालिकांची जकात बंद झाली. तेव्हापासून लहान पालिकांच्या हाती स्वतःचे म्हणावे असे मोठे उत्पन्न घरपट्टीचेच. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांना अनुदान देताना मालमत्ता कराची वसुली वाढवण्याची अट घातली. म्हणून मार्चमध्ये भोंगा जोरात वाजतो. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 साली मालमत्ता कर माफ झाला. पण मुंबईची तिजोरी निराळी, मैंदर्गीची निराळी. गटार, दिवा, झाडलोट यांचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा. कर बुडवा, असे आम्ही कधीही सांगणार नाही.

पण ज्याने पैसा दिला त्याने हिशेबही मागावा. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, त्याचे मर्म हेच होते. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या पाणवठ्यांवर, शाळांत, दवाखान्यांत अस्पृश्यांना मज्जाव नको. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे होते. म्हणूनच 1927 च्या सत्याग्रहाला न्यायाबरोबर कायद्याचाही आधार होता. त्या काळी कर वा मालमत्ता असलेल्यालाच मत मिळे. बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला आणि संविधानाने तो दिला. त्याच संविधानाचे कलम 265 सांगते, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. म्हणून बिलातला प्रत्येक आकडा कशाच्या आधारे आला, हे विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

आक्कांचे पुढे काय झाले?

आम्ही साध्या कागदावर अर्ज लिहिला. सोबत पावतीची झेरॉक्स, यजमानांचा मृत्यू दाखला आणि वारसांची कागदपत्रे जोडली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला रजिस्टर सापडेना. तिसऱ्या खेपेला शिक्क्याची प्रत पुढे ठेवली तेव्हा काम हलले. भरलेले वर्ष मागणीतून वजा झाले. माणूस येऊन पत्रे पाहून गेला आणि पुढच्या वर्षापासून पट्टी उतरली. मात्र उरलेली तीन वर्षे खरोखरच भरलेली नव्हती. ती रक्कम शास्तीसह आक्कांनी दोन हप्त्यांत भरली. उताऱ्यावर त्यांचे नाव लागले. अर्जाचे एक वर्ष तेवढे वाया गेले, ते कोणी भरून दिले नाही.

घरोघरी एवढे करा

बिल आले नाही तरी एप्रिल-मेमध्ये करविभागात जाऊन मागणी विचारा. बिलावरचे नाव, घर नंबर, क्षेत्रफळ, छताचा प्रकार आणि मागील बाकी हे पाच रकाने मुलांकडून वाचून घ्या. पैसे हातात दिले तर पावती घेतल्याशिवाय उठू नका. सगळ्या पावत्या वर्षवार एका दोऱ्यात ओवून ठेवा. घरचा कर्ता माणूस गेला तर वर्षाच्या आत वारसाचे नाव लावा. विधवा सुनेचे, मुलीचे नाव गाळू नका. उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला आणि नावाची नोंद या सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदतीत मिळायला हव्यात. माहिती दडवली तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात असू द्या. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे. ती तुमच्या वास्तव्याचा आणि भरलेल्या पैशाचा पुरावा आहे. जागेचा कागद वेगळा करून घ्यावा लागतो.

आक्कांच्या पेटीत आता लुगड्याच्या घडीऐवजी एक फाईल आहे. मागच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या दोघीजणी आपापली बिले घेऊन त्यांच्याकडे बसल्या होत्या आणि आक्का आठवीतल्या नातवाला सांगत होत्या, "आधी छताचा रकाना वाच."