जुन्या ड्राय पांढऱ्या वाइनची पारख

वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, हा समज पांढऱ्या वाइनच्या बाबतीत बहुधा खोटा ठरतो. जिच्यातील साखर आंबण्याच्या क्रियेत जवळजवळ संपली आहे, अशा ड्राय पांढऱ्या वाइनचे आयुष्य मुख्यतः आम्लावर अवलंबून असते. फ्रान्समधील ल्वार खोऱ्यातील उत्तम शनँ ब्लाँ याच बळावर कित्येक दशके टिकते. नाशिकच्या बागांतही हीच जात आहे. परंतु तेथील फळ जानेवारी ते मार्चच्या वाढत्या उन्हात पिकते व त्यातील मॅलिक आम्ल झपाट्याने घटते. सबब तेथील बहुतेक पांढऱ्या वाइन दोन-तीन वर्षांत पिणेच इष्ट.

त्यातून अहिल्यानगर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि वाइनला मानवतात १२ ते १४ अंश. बाटली माळ्यावर ठेवणाऱ्याने पक्वतेची चर्चा करूच नये!

हिरवट छटा जाऊन तेजस्वी सोनेरी रंग येणे ही पक्वता होय. तपकिरी, मंद रंग हा ऱ्हास. मध, बदाम, मेण यांचा गंध स्वागतार्ह. ठेचलेल्या सफरचंदाचा वास वरचढ झाल्यास प्राणवायूने आपले काम उरकले असे समजावे. तथापि निर्णायक कसोटी जिभेचीच. घोटानंतर आम्लाची धार उरत नसेल, तर थांबण्यात लाभ नाही. शंका असल्यास अर्धी बाटली बूच लावून शीतकपाटात ठेवावी व दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखावी. ती खुलली असेल, तर तिच्या जोडीच्या बाटल्या आणखी ठेवता येतील. विटली असेल, तर त्या यंदाच संपवाव्यात.