लाकडी शिडाच्या जहाजाचं किट घेताय? आधी फळ्यांचं गणित समजून घ्या

एक प्रकारचं रील तुम्हीही पाहिलं असेल. बॉक्स उघडतो, लाकडाचे तुकडे बाहेर येतात आणि चाळीस सेकंदांत शिडं लावलेलं देखणं जहाज टेबलावर उभं राहतं. प्रत्यक्षात त्या चाळीस सेकंदांमागे कित्येक महिने असतात, मोठं जहाज असेल तर वर्ष-दोन वर्षंही. त्यातली बरीच जहाजं अर्धवट राहतात आणि बहुतेक वेळा ती एकाच जागी अडकतात, ती म्हणजे फळ्या बसवताना. म्हणून आज त्याच टप्प्याबद्दल नीट बोलू.

उदाहरणासाठी मी ब्लूनोज घेतोय, कारण सध्या माझ्या टेबलावर तेच आहे. ब्लूनोज ही कॅनडातली दोन डोलकाठ्यांची स्कूनर. १९२१ साली नोव्हा स्कॉशियातल्या लुनेनबर्ग गावात ती पाण्यात उतरली. विल्यम रुए यांनी तिचं डिझाइन केलं होतं. काम कॉड मासे पकडायचं, पण मच्छीमार जहाजांच्या शर्यतींत तिने इतकं नाव कमावलं की कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर ती १९३७ पासून आहे. मूळ जहाज १९४६ मध्ये हैतीजवळ खडकावर आपटून गेलं. मॉडेल शिपवेज या कंपनीचं तिचं किट १:६४ स्केलचं आहे.

१:६४ म्हणजे नेमकं किती? फोनचा कॅल्क्युलेटर काढा. खरं जहाज १४३ फूट, म्हणजे साधारण ४३.६ मीटर. भागिले ६४ केलं की हल होतो ६८ सेंटिमीटर. साडेपाच फुटांचा माणूस होतो २६ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढा. आणि इंचभर जाडीचा दोर होतो ०.४ मिलिमीटरचा धागा. स्केल हा आकडा नीट वाचायला शिका, कारण बॉक्सवरच्या फोटोत सगळीच जहाजं सारखी मोठी दिसतात.

बॉक्समध्ये काय असतं

प्लास्टिकचं मॉडेल केलं असेल तर तुम्हाला सवय असते की तुकडा क्रमांक १७ तुकडा क्रमांक १८ मध्ये खटकन बसतो. लाकडी किटमध्ये हे फक्त सांगाड्यापुरतं खरं आहे. जहाजाचा कणा आणि त्यावर आडवे बसणारे बल्कहेड, म्हणजे बरगड्या म्हणा, हे लेसरने कापलेले येतात आणि खाचांमध्ये बसतात. हे काम थोड्या दिवसांत उरकतं आणि माणूस खूश होतो.

त्यानंतर हातात येतो तो सरळ पट्ट्यांचा जुडगा. सगळ्या एकाच रुंदीच्या, एकाच जाडीच्या. त्यांना नंबर नाही आणि आकारही नाही. जहाजाचा पोटाकडचा भाग दोन्ही दिशांनी गोल, आणि पट्टी मात्र फूटपट्टीसारखी सरळ. म्हणजे या टप्प्यापासून किट हा कच्चा माल आहे, हे धरूनच चला.

पट्टी बारीक का करावी लागते

हा मुद्दा समजला की अर्धं काम झालं. जहाजाच्या मधोमध, डेकच्या कडेपासून खाली कण्यापर्यंत बल्कहेडच्या कडेने अंतर मोजा. समजा ते १२० मिलिमीटर भरलं. पट्टी ५ मिलिमीटरची असेल तर एका बाजूला २४ पट्ट्या लागतील. आता पुढे, जहाजाच्या टोकाजवळ तेच अंतर मोजा. तिथे ते भरतं, समजा, ८४ मिलिमीटर. पट्ट्या तर त्याच २४ पुढे येणार. ८४ भागिले २४, म्हणजे साडेतीन. प्रत्येक पट्टी पुढे जाताना ५ वरून ३.५ मिलिमीटरवर निमुळती झाली पाहिजे. (हे आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्या जहाजावर तुम्ही मोजायचे.)

हे न करता पट्ट्या तशाच लावत गेलात तर पुढे जागा संपते, पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि कडा वर उचलल्या जातात. मागच्या बाजूला कधी उलटं होतं. तिथे अंतर १३२ भरलं तर वाट्याला येतात साडेपाच मिलिमीटर, आणि पट्टी तर पाचचीच. मग दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचरीसारखा एक जादा तुकडा घालतात. पुढच्या टोकाला पट्टी निम्म्याहून जास्त बारीक होऊ देऊ नये, असा साधारण नियम आहे. तशी वेळ आली तर तिथे एक पट्टी कमी करून दोघींची एक करतात. खऱ्या जहाजांवर सुतारही हेच करायचे.

मोजायला महागडं काही लागत नाही. कागदाची अरुंद पट्टी बल्कहेडच्या कडेवर चिकटून धरायची, दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करायची आणि ती लांबी भागायची. चार-पाच फळ्या लागल्या की पुन्हा मोजायचं. इथे आळस करू नका.

वाकवण्याचा खेळ

शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. सपाट बाजूने ती सहज वाकते. आता तीच उभी धरून कडेच्या बाजूने वाकवून पाहा. हलत नाही ना? लाकडाच्या पट्टीचंही तसंच. सपाट बाजूने ती वाकते आणि थोडी पिळताही येते, पण कडेने जबरदस्ती केली की तिची एक बाजू बल्कहेडपासून उचलते. क्लॅम्प लावून दाबलीत तरी ती ताणलेलीच राहते आणि संधी मिळाली की ग्लू सोडते.

लाकूड वाकतं ते मुख्यतः उष्णतेमुळे. लाकडातले तंतू धरून ठेवणारं लिग्निन गरम झालं की मऊ पडतं आणि थंड झालं की नव्या आकारात घट्ट होतं. पाणी उष्णता आतपर्यंत न्यायला मदत करतं. त्यामुळे पट्टी तासन् तास भिजत घालण्यात फायदा नाही. दहा-पंधरा मिनिटं गरम पाण्यात ठेवून मग इस्त्री किंवा केसांचा स्ट्रेटनर वापरला तर पातळ बासवूड मस्त वाकतं. अक्रोडाचं लाकूड जास्त हट्टी, त्याला सावकाश घ्यावं लागतं. (स्ट्रेटनर घरात कोणाचा आहे ते विचारून घ्या!) वाकवलेली पट्टी पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. ओलं लाकूड फुगलेलं असतं, वाळताना आकसतं आणि दोन फळ्यांमध्ये फट पडते.

त्याआधी अजून एक कंटाळवाणं पण अत्यावश्यक काम असतं. बल्कहेडच्या कडा तिरक्या घासायच्या, म्हणजे फळी नुसत्या टोकावर न टेकता कडेच्या पूर्ण जाडीवर बसते. आणि फळ्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा आलटून पालटून लावायच्या. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली तर ताणामुळे कणा पिळतो, आणि पिळलेला कणा नंतर सरळ होत नाही.

इथे फोन खूप कामाला येतो. खोलीतले दिवे बंद करा आणि फोनचा टॉर्च हलला जवळजवळ टेकवून, तिरपा धरा. बोटांना न जाणवलेले उंचवटे आणि खड्डे सावल्यांमधून लगेच दिसतात. दुसरी युक्ती म्हणजे जहाजाचा अगदी समोरून फोटो काढायचा, थोडं लांब उभं राहून आणि झूम करून, कारण फार जवळून आकार बिघडलेला दिसतो. मग तो फोटो मिरर करून मूळ फोटोशी ताडून बघायचा. डावी-उजवीकडचा फरक डोळ्यांना सवयीने दिसेनासा होतो, पण उलटा फोटो तो लगेच दाखवतो.

मग पहिलं किट कोणतं

बऱ्याच जणांना थेट एचएमएस व्हिक्टरी करायचं असतं. मोह समजू शकतो, पण १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत त्या जहाजावर १०४ तोफा होत्या. म्हणजे तोच छोटा गाडा पुन्हा पुन्हा बनवत बसायचं, तेही हल पूर्ण झाला तर. आपल्या मुंबईत १८१७ साली वाडियांच्या हाताखाली सागवानात बांधलेलं एचएमएस ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. मलाही कधीतरी तेच करायचंय. पण तीन डोलकाठ्या आणि आडव्या परबाणांचं जहाज पहिल्या खेपेला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं तर ब्लूनोजही पहिलं नको. त्याच कंपनीचं ग्रँड बँक्स डोरीचं १:२४ चं किट आहे. डोरी म्हणजे ब्लूनोजसारख्या जहाजांच्या डेकवर एकात एक रचून नेलेल्या छोट्या होड्या, ज्यात बसून मच्छीमार गळ टाकायला जात. फळ्या मोजक्याच, पण वर सांगितलेलं बहुतेक सगळं तिच्यात एकदा करून होतं.

खरेदीआधी कंपनीच्या साइटवर मॅन्युअलची पीडीएफ मिळते का बघा आणि फळ्यांचं प्रकरण पूर्ण वाचा. फारच स्वस्त किटवर डिझाइनरचं आणि कंपनीचं नाव नसेल तर ते दुसऱ्याच्या डिझाइनची चोरलेली कॉपी असू शकतं. अनेक युरोपियन किटमध्ये फळ्यांचे दोन थर असतात. पहिल्या थराच्या चुका पुट्टी भरून घासता येतात आणि वर पातळ अक्रोडाचा थर सगळं झाकतो. नवख्याला हे सोपं जातं. ब्लूनोजमध्ये एकच थर आहे, तिथे रंग हाच काय तो आडोसा.

ग्लूसाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा ग्लू चांगला, कारण फळी सरकवायला वेळ मिळतो. सुपरग्लू अडलेल्या ठिकाणी एखादा थेंबच वापरा आणि खिडकी उघडी ठेवा. लाकडावर पॉलिश करणार असाल तर सांडलेला ग्लू लगेच पुसा, तिथे रंग मुरत नाही आणि फिकट डाग राहतो. घासताना मास्क लावा.

आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर हवामान लक्षात घ्या. पावसाळ्यात दमट हवेत फुगलेलं लाकूड चिकटवलं तर उन्हाळ्यात ते आकसून फटी दाखवतं. जुलैमध्ये डोलकाठ्या तासा, सुटे भाग रंगवा, फळ्या कोरड्या दिवसांत लावा. तयार जहाज काचेच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत ठेवा, पण पेटीला खालून हवेसाठी दोन-चार भोकं असू द्या.